पायाळूची उसण

"पाय जरा हलका ठेव रे श्रावण," मी म्हणालो.

"मामा, हलक्या पायानं उसण जात नसते. पखवाजावर बोटं फिरवली तर घुमेल का तो?"

आक्का ओसरीवर घोंगडीवर पालथी पडली होती. हनुवटी हातावर टेकवून ती म्हणाली, "रंगा, तू गप बस. गावाच्या पाठीवर पाय देण्यात माझा जन्म गेला. तू आता मला शिकवणार?"

मी गप बसलो. आक्कापुढे मी जन्मभर गपच बसत आलो. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्कानं मला लहानाचं मोठं केलं, लग्न झाल्यावर सासरी येताना पेटीबरोबर मलाही घेऊन आली. पुढे भावजी गेले, पोरबाळ नव्हतं, मीही लग्न केलं नाही. तिच्या सासरच्या गावात मी शिवणयंत्र टाकलं आणि बहिणीचं गाव म्हणून अख्ख्या गावाचा मामा झालो.

आक्का पायाळू होती, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण, लचक, चमक जाते, असं आमच्याकडे सगळे मानतात. पहाटे अनवाणी, तोंडानं हरिनाम घेत, पाय तीनदा पाठीला लावायचा आणि विचारायचं, "गेली?" पडलेल्यानं म्हणायचं, "गेली." मग उठायचं आणि मागे वळून न बघता घरी जायचं. आक्काच्या ओसरीवर किती माणसं पडली आणि उठली त्याला गणती नाही. सप्ताहात तर गोणी उचलून उचलून आचाऱ्यांची रांग लागायची. कीर्तनकार बुवासुद्धा एकदा येऊन पडले होते. त्यांच्या पाठीला पाय लावायचा म्हटल्यावर आक्का आधी त्यांच्याच पाया पडली, आणि मग पाय लावला.

पण पायाळूला स्वतःच्या पाठीवर पाय देता येत नाही. आक्कानं दोन दिवसांपूर्वी ओली गोधडी पिळायला उचलली आणि पाठीत कट्कन काहीतरी झालं. तिला श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागत होता. मी म्हणालो, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "उसणीला दवाखाना? गाव काय म्हणेल? गुरवाच्या श्रावणला बोलाव. तो पण पायाळू हाय."

श्रावण देवळात पखवाज वाजवायचा. चाळिशीचा, आडव्या हाडाचा गडी. पायाळू असून त्याच्याकडे कधी कुणी गेलं नव्हतं, कारण आक्का होती. त्यामुळं त्या दिवशी तो नाहूनधुऊन, कपाळाला बुक्का लावून आला होता. पहिला पाय, आणि तोही आक्काच्या पाठीवर!

"रामकृष्ण हरी," म्हणत त्यानं पाय लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोर पडला. आक्कानं घोंगडीची कड दातात धरली ती मला दिसली. श्रावण तिच्या पाठीकडे होता, त्याला नाही दिसली.

"गेली?" त्यानं विचारलं.

आक्कानं दातातली कड सोडली. "गेली रे बाबा," ती म्हणाली.

श्रावणचे डोळे भरले. दोन्ही हात जोडून तो ओसरीच्या पायऱ्या उतरला, मागे न बघता. दुपारपर्यंत त्यानं गावभर सांगून टाकलं होतं.

आक्काला उठवायला मी हात दिला, तर ती म्हणाली, "थांब जरा. तो कोपऱ्यावरून वळू दे."

*

त्यानंतर आक्का भिंतीला धरून चालायला लागली. कुणी विचारलं, "आक्का, बरं हाय ना?" की म्हणायची, "श्रावणनं घालवली की." श्रावणच्या दाराशी आता कधी कुणी, कधी कुणी जाऊन बसायचं. सरपंचाची आई गेली, पिठाच्या गिरणीवाला गेला. श्रावणच्या चालीत एक डौल आला होता. देवळात पखवाज असा वाजवायचा, की टाळकऱ्यांचे पाय आपोआप उचलले जायचे.

मी शिंपी. माणसाचं अंग मला कपड्यातून कळतं. आक्काचं पोलकं गेली दोन-तीन वर्षं पाठीकडून वर चढायला लागलं होतं आणि पुढून लोंबत होतं. मी म्हणायचो, "आक्का, तू वाकायला लागलीस." ती म्हणायची, "मी नाही वाकत, तुझी कात्री वाकडी झाली." त्या पंधरवड्यात तर पोलकं अंगावर बसेचना. एके सकाळी ती खोकली, दम्याचा नेहमीचा खोकला, आणि चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. उठवायला गेलो तर असा आवाज आला तिच्या तोंडून, की शेजारची माणसं भाकरी टाकून धावत आली.

जीपमध्ये मागच्या बाकड्यावर तिला आडवं घालून नगरला नेलं. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची. मी नाम घेत होतो. खड्डे काही कमी झाले नाहीत.

*

डॉक्टर धुमाळ म्हणून एक शांत बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला. पाठीच्या कण्यातले मणके एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे दिसत होते. त्यातला एक पुढून चेपला होता. पाय पडलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा, असं माझ्या मनात आलं आणि मी मान फिरवली.

"हाडं आतून पोकळ झालीत," त्या म्हणाल्या. "वय आहे. त्यात दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यात, त्यांनीही हाडं खाल्ली. वरचे दोन मणके आधीच थोडे दबलेत. हा आता पुरता बसलाय."

"गोधडी पिळताना झालं ओ," आक्का खाटेवरून म्हणाली.

"एवढ्या ठिसूळ हाडाला गोधडीसुद्धा पुरते, आजी. मग पंधरा दिवस घरी का बसलात?"

आक्कानं छताकडे बघितलं. मी आक्काकडे.

"आता करायचं काय?" मी विचारलं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसूनच सांगितलं. तेवढ्यानंही मला जरा धीर आला.

"एक म्हणजे पट्टा. छातीपासून कमरेपर्यंत. दुखण्याची औषधं, थोडी विश्रांती. फार दिवस नुसतं पडून राहिलं तर हाडं आणखी मऊ होतात, म्हणून जमेल तसं उठवायचं. हाड भरून यायला दोन-तीन महिने लागतात. पण जसं चेपलंय तसंच भरतं, पाठ सरळ होत नाही. दुसरं म्हणजे सुईनं मणक्यात सिमेंट भरायचं."

"सिमेंट?" आक्का म्हणाली. "घराला लावतात ते?"

"त्यातलंच, पण निराळं."

"मग गवंडी पण तुम्हीच का?"

डॉक्टरबाई हसल्या. "मीच नाही. आमचे एक सर येतात, त्यांचा हात चांगला आहे. काही जणांना दुसऱ्या दिवशी उतार पडतो. काही जणांना पट्ट्यानं जेवढा पडला असता तेवढाच पडतो. मी खोटं सांगणार नाही. आणि मोडल्या मोडल्या केलं तर गुण जास्त. आता दिवस गेलेत."

"आणि ऑपरेशन? स्क्रू बसवतात म्हणे?" मला कुणीतरी सांगितलं होतं.

"भुसभुशीत भिंतीत खिळा धरतो का? यांच्या हाडात स्क्रू धरायचा नाही. या दोन्हींपैकी काहीही केलं तरी हाडं भरणारी इंजेक्शनं सुरू करावीच लागतील. रोज पोटावर टोचायची. पण ती पुढचे मणके वाचावेत म्हणून. हा मणका त्यानं उभा राहणार नाही."

कीर्तनात बुवा प्रश्न टाकतात, टाळ थांबतात, आणि आपल्याला माहीत असतं की उत्तर येणार. इथं तसं नव्हतं. प्रत्येक वाट थोडी पुढं जाऊन थांबत होती.

"डॉक्टरबाई," आक्का म्हणाली, "मला एकच सांगा. महिन्यानं आमच्या गावाला सप्ताह हाय. काल्याच्या कीर्तनाला बसता येईल का? एवढंच. आख्खा सप्ताह नको, काल्यापुरतं. मांडी नको, खुर्ची चालेल."

लग्न होऊन गावात आल्यापासून तिनं काल्याचं कीर्तन चुकवलं नव्हतं. मांडवात डाव्या हाताच्या खांबाशी तिची जागा होती. ती रिकामी असली तर तिथं कुणी बसायचं नाही. शेवटी हंडी फुटली की दही-लाह्यांचा पहिला घास खांबाजवळ यायचा आणि मग पुढं जायचा.

"पट्ट्यावर महिन्यात? कठीण आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिमेंटनं कदाचित."

"मग सिमेंट," आक्का म्हणाली. "काय रे रंगा?"

माझ्या हातात पोलकं असतं तर चार टाके उसवून बघितलं असतं. मी हो म्हणालो.

*

श्रावण दुसऱ्या दिवशी आला. हातात केळी, पिशवीत देवळातला अंगारा. गावात त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो खाटेपाशी आलाच नाही, दारातच उभा राहिला.

"आत ये की रे," आक्का म्हणाली.

"मणका मोडला म्हणतात."

"म्हणू दे."

"माझ्या पायानं?"

त्याच वेळी डॉक्टरबाई फेरीला आल्या. श्रावणनं त्यांनाच गाठलं. "बाई, मी हिच्या पाठीवर पाय दिला. उसण समजून. तेव्हाच मोडला का?"

त्यांनी एकदा आक्काकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग सावकाश म्हणाल्या, "गोधडीच्या वेळी मोडला असणार. त्यावर वजन पडल्यानं आणखी दबला असेल, किंवा नसेलही. आता ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण ठिसूळ हाडाच्या पाठीवर असं परत करू नका."

त्या गेल्या. श्रावण भिंतीला टेकून खाली बसला. एवढा मोठा गडी, गुडघ्यात डोकं घालून.

"मग तू 'गेली' का म्हणालीस आक्का? नाही गेली म्हणाली असतीस तर त्याच दिवशी मी तुला खांद्यावर घालून इथं आणली असती!"

"काय म्हणायचं होतं मी?" आक्का म्हणाली. "तुझा पहिला पाय. तू नाहूनधुऊन, बुक्का लावून आलेला. नाही गेली म्हणाले असते तर गावात परत तुझ्याकडे कुणी आलं असतं?"

"आता कोण येणार हाय?"

"नको येऊ दे कुणी. बाईनं सांगितलंय ना, करू नका. पण पखवाज वाजव."

"मी या पायानं देवळाची पायरी चढणार नाही."

"पखवाज काय पायानं वाजवतोस? चल, नाटकं नकोत. केळं सोल एक."

त्यानं केळं सोललं. तिनं थोडं खाल्लं. मला वाटलं, मिटलं. पण जिना उतरताना तो मला म्हणाला, "मामा, मी वाजवायचो नाही. शपथ." आणि अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात कोंबून निघून गेला.

*

सिमेंटच्या दिवशी मला आत सोडलं नाही. बाहेर बाकावर मी तिचा पट्टा मांडीवर घेऊन बसलो होतो. तो आदल्या दिवशीच आणला होता. त्याच्या कडा काचतील म्हणून तिच्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर मी त्याला आतून शिवत होतो. दुसरं काही हातात नव्हतंच. टाका घालायचा आणि नाम घ्यायचं.

मी धागा तोडला नव्हता तोच दार उघडलं. डॉक्टरबाई आल्या. एवढ्या लवकर त्या यायला नको होत्या.

"झालं नाही," त्या म्हणाल्या. "सुई मणक्यात घालायला त्यांना पालथं झोपवावं लागतं. दोनदा प्रयत्न केला. पालथं केलं की श्वास कोंडतो, ऑक्सिजन खाली येतो. दमा फार जुना आहे. जबरदस्ती करण्यात अर्थ नव्हता. सरांनी थांबवलं, आणि बरोबर केलं."

"मग परत कधी?"

त्यांनी मान हलवली. "पट्टा आणि इंजेक्शनं. आपल्या हातात आता तेवढंच आहे."

आक्काला बाहेर आणलं. ओठ निळसर पडले होते. माझ्याकडे बघून ती पुटपुटली, "ओसरीवर पडले होते की रे मी पालथी. तेव्हा कसा श्वास आला?"

मी पट्टा दाखवला. "बघ, तुझ्या हिरव्या लुगड्याचं अस्तर लावलंय."

"ते चांगलं होतं अजून," ती म्हणाली.

*

काल्याच्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली होती. गाव मांडवात. आमच्या दारावरून बायका लाह्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन गेल्या. प्रत्येकीनं आत डोकावून विचारलं, "आक्का, येता का?" आणि प्रत्येकीला आक्कानं सांगितलं, "व्हा पुढं, मी आलेच."

खुर्ची तयार होती. पट्टा बांधला. डॉक्टरबाईंनी शिकवलं होतं तसं आधी कुशीवर वळवलं, पाय खाली सोडले, आणि खांद्याखाली हात घालून मी तिला उठवायला लागलो. ती अर्धी उठली. तिचं तोंड पांढरं झालं. "ठेव," ती म्हणाली. "रंगा, खाली ठेव मला."

पुन्हा केलं. पुन्हा, "ठेव." तिसऱ्या खेपेला तिनं नुसते डोळे मिटले. तेव्हा मीच ठेवली. आणि ठेवताना माझ्या स्वतःच्या कमरेत कळ गेली, विजेसारखी. मी खाटेचा कठडा धरून तसाच उभा राहिलो, हसल्यासारखं तोंड करून.

देवळातल्या कर्ण्यातून टाळ सुरू झाले. नुसते टाळ. पखवाज नव्हता.

आक्का कान देऊन पडली होती. "नाही वाजवत गाढव," ती म्हणाली. "रंगा, तू जा. त्याला सांग, आक्का मांडवात बसलीय."

"तुला सोडून?"

"जा म्हणते ना."

मी निघालो. उंबऱ्यापर्यंत गेलो. चपलेत पाय घालायला वाकलो आणि तिथंच भिंतीला धरून राहिलो. पुढंही जाता येईना, मागंही येता येईना. तिला आतून दिसत होतं.

"काय रे?"

"काही नाही. चप्पल तुटलीय."

"चप्पल तुटलीय का कंबर? इकडं ये."

भिंतीच्या आधारानं मी आलो.

"उसण भरली," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं सांगितलं. जन्मभर माणसं तिच्या ओसरीवर असंच वाकडं होऊन येत होती. "बस खाली. पाठ कर इकडं."

"आक्का, नको. डॉक्टरबाई काय म्हणाल्या? आणि तुला हलायचं नाही."

"तुझी हाडं अजून पोकळ नाहीत, शिंप्या. बस."

मी खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसलो. मागं तिचं धापणं ऐकू येत होतं. पांघरूण सरकल्याचा आवाज. दात ओठांवर दाबून माणूस श्वास घेतो तसा एक श्वास. मला वळून तिचा पाय धरावासा वाटत होता, खाली ठेवावासा वाटत होता. पण वळायचं नसतं.

"रामकृष्ण हरी," ती म्हणाली, आणि तिची टाच माझ्या पाठीला लागली. गार होती. वजन असं काही नव्हतंच. झाडाचं पान लागावं तशी. ती उचलली गेली, थरथरली, पुन्हा लागली. तिसऱ्या वेळी तिनं उचललीच नाही, तिथंच राहू दिली.

त्याच वेळी कर्ण्यातून पखवाजाची थाप आली. एक, अडखळत, मग दुसरी. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं; आक्का येतेय, असं बायकांनीच मांडवात सांगितलं असावं. टाळ त्या थापेवर चढले.

"श्रावण," आक्का म्हणाली. किती तरी वेळ आम्ही दोघं तसेच राहिलो, तिचा पाय माझ्या पाठीवर, आणि देवळात हरिनामाचा कल्लोळ.

मग तिनं विचारलं, "गेली?"

कळ कमरेतून मांडीपर्यंत उतरली होती. श्वास घेतला तरी टोचत होती. पुढं कितीतरी दिवस ती जायची नव्हती.

"गेली," मी म्हणालो.

हंडी फुटल्याचा आवाज आला, माणसं ओरडली.

"रंगा," ती म्हणाली, "सगळेच असं म्हणत आले असतील का रे?"

मला वळायचं नव्हतं. वळून बघायचं नसतं. मी उठलो, कसा उठलो ते देवाला ठाऊक, आणि सरळ दाराकडे चालत गेलो, उसण गेलेल्या माणसासारखा.